फेस तेवढा नको

हिनेकनं मला विचारलं, "काय घेणार?" आणि मी दचकले.

यात दचकण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं. गुत्त्याचा मालक गिऱ्हाइकाला दुसरं काय विचारणार? पण बिअरच्या या आमच्या प्लझेन शहरात, निदान हिनेकच्या गुत्त्यात, हा प्रश्न फक्त परक्याला विचारतात. आपल्या माणसाला विचारत नाहीत. आपलं माणूस दारातून आत आलं की त्यानं कोट काढून खुंटीला लावेपर्यंत त्याच्या जागेवर बिअरचा पेला येऊन बसलेला असतो, जाड काचेचा, कान असलेला, वर तीन बोटं फेस. तो संपत आला की न मागता दुसरा येतो. पुरे झालं असेल तर पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती उचलायची आणि झाकणासारखी पेल्यावर ठेवायची. एवढीच काय ती बोलणी. लग्न झाल्यापासून दर गुरुवारी मी या टेबलाशी वेन्दाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उजव्या हाताला बसत आले आहे. इतक्या वर्षांत हिनेक माझ्याशी हवेबद्दल बोलला, मंत्र्यांबद्दल बोलला, स्वतःच्या मूळव्याधीबद्दलही बोलला. काय घेणार, हे मात्र कधी बोलला नव्हता.

वेन्दापुढे पेला होता. समोर लुबोर बसला होता, ट्राम चालवून चालवून आता निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून आठवड्याचे सातही दिवस इथंच सापडणारा, त्याच्यापुढे होता. माझ्यापुढे नुसती चकती, कोरडी, वर काहीच नाही. बाकीच्यांच्या चकत्यांवर ओली वर्तुळं उमटली होती. माझी चकती बघून मला उगीचच आमच्या शाळेतल्या त्या बाकाची आठवण झाली, ज्याच्यावरची पोर दुसऱ्या गावी निघून गेली आणि वर्षभर तिथं कुणी बसलं नाही.

"सांगते," मी म्हटलं. "जरा विचार करू दे."

"करा की, राद्मिलाबाई," हिनेक म्हणाला आणि तसाच उभा राहिला, खांद्यावर फडकं, डोळे माझ्या कपाळावर. विचार करणारं गिऱ्हाईक त्यानं बहुधा कधी पाहिलं नसावं. वेन्दानं त्याला आधीच येऊन सगळं सांगून ठेवलं होतं, हे उघड होतं. वेन्दा खाली बघून चकतीची कड नखानं सोलत होता. अपराध नसताना अपराधी दिसणं ही त्याची जुनी कला आहे.

माझा धंदा कपडे दुरुस्तीचा. शिवण मी कुणाकडे शिकले नाही. आईच्या यंत्रावर आधी बोट शिवलं, मग कापड. या शहराची पोटं बिअरनं वाढतात आणि पँटींच्या कमरा मी वाढवते, असं आमचं दोघींचं, म्हणजे बिअरचं आणि माझं, बरं चाललं होतं. मागच्या वर्षी माझ्या लक्षात आलं की सगळ्यांच्या कमरा सोडवता सोडवता माझे स्वतःचे स्कर्ट मात्र मी आत घेत चालले आहे. खाल्लेलं अंगी लागेना. पोट नगाऱ्यासारखं आणि हात काडीसारखे. दुपारी यंत्रावरच डोळा लागायचा. लुबोर म्हणाला, "वहिनी, प्रेमात पडलात की काय?" वेन्दा काही म्हणाला नाही, पण माझ्या ताटात स्वतःच्या ताटातले दोन जास्तीचे गोळे वाढायला लागला, गव्हाचे, वाफवलेले, ज्यांच्याशिवाय आमच्याकडे रस्सा ताटात पोरका दिसतो. बिचारा प्रेमानं मला विष वाढत होता आणि मी प्रेमानं ते खात होते. वसंतात डॉक्टरीणबाईंनी निदान केलं: सिलिअ‍ॅक. गहू, जव, राय, यांतला जो चिकट अंश पीठ ताणलं तरी तुटू देत नाही, तो तुमच्या आतड्यांना सोसत नाही. ते ग्लूटेन आता जन्मभर बंद. मग त्यांनी इतर चौकशी केली. सिगारेट? नाही. दारू? मी म्हटलं, नाही हो, दारूला मी शिवत नाही. आणि हे मी अगदी मनापासून सांगितलं.

कारण बिअर ही काही दारू नव्हे. हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते हाडातच असतं. डॉक्टरीणबाईही इथल्याच, त्यांच्याही हाडात तेच. मी पाव सोडला, ते गोळे सोडले, नाताळची बिस्किटं येण्याआधीच सोडली, दाट रश्श्याला लावायचं पीठ सोडलं, आणि सगळा उन्हाळा दर गुरुवारी हिनेककडे बसून, आपण किती कडक पथ्य पाळतो याच्या गोष्टी सांगत, बिअर पीत राहिले. बिअर म्हणजे पातळ भाकरी, असं आम्ही रोज म्हणतो. म्हणतो आणि पितो. शरदाच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा रक्त तपासलं, ते होतं तिथंच.

"तुम्ही चोरून काहीतरी खाताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आईशप्पथ नाही."

"बिस्किट? सूपमधलं पीठ? आणि पिताय काय?"

"पाणी. चहा. बिअर."

खिडकी उघडी होती. वारा बिअरच्या कारखान्याकडून येत होता आणि त्याबरोबर तो वास, मोड आणून भाजलेल्या आणि आता कढत असलेल्या जवाचा, गोडसर, कोमट, ज्याच्यात हे शहर सकाळ-संध्याकाळ बुडालेलं असतं. आम्ही दोघींनी तो एकाच क्षणी हुंगला आणि एकमेकींकडे बघितलं. "अरे देवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जव!" त्या मानेपासून लाल होत गेल्या आणि मग आम्हा दोघींना असं काही हसू लोटलं की बाहेरची नर्स दार उघडून बघून गेली. हसताना मला वाटलं, बरं झालं, सापडलं. रस्त्यावर आल्यावर वाटलं, गुरुवारचं काय?

"विचार चालू द्या," हिनेक म्हणाला. "मी तोवर पुढच्या टेबलाचं बघतो."

लुबोरनं पेल्यातून तोंड काढलं. त्याच्या मिशीला फेस होता. "वहिनी, दूध मागवा. गरम. आम्ही पाळणा हलवतो."

"तू आधी मिशी पूस," मी म्हटलं. पण माझी नजर त्या फेसावरून हलेना. लहानपणी संध्याकाळी बाबा मला मातीचा चंबू देऊन कोपऱ्यावरच्या गुत्त्यात पाठवायचे. तिथला मालक चंबू काठोकाठ भरून द्यायचा आणि मी दोन्ही हातांनी तो पोटाशी धरून, ओठ दाबून चालत यायची. थंड मातीचा तो स्पर्श, झग्यातून पोटाला लागणारा, आताही मला हवा तेव्हा आठवता येतो. वाटेत चेस्टनटच्या झाडामागे थांबायचं आणि वरचा फेस तोंडानं ओढून घ्यायचा. जिभेवर तो आहे-नाही असा व्हायचा, आधी कडू, मागाहून गोड, आणि मग काहीच नाही. घरी आल्यावर बाबा चंबूत डोकावून म्हणायचे, "आज पण रस्त्यात पाऊस लागला वाटतं, सगळा फेस वाहून गेला." माझ्या वरच्या ओठावर पांढरी मिशी असायची. ते कधी रागावले नाहीत. फेस पोरांचा, बिअर थोरांची, असा कायदाच होता. फेसात काय असतं? हवा.

गुरुवारचं काय, हा प्रश्न पिण्याचा नव्हताच, हे मला नंतर हळूहळू समजलं. वेन्दा घरात बोलत नाही. भांडण नाही, राग नाही; नळदुरुस्तीचा धंदा, दिवसभर लोकांच्या घरच्या पायपांत डोकं घालून येतो, आणि घरी आला की त्याच्यातला आवाज कुठंतरी बंद होतो, मुख्य नळ बंद केल्यासारखा. गुरुवारी हिनेककडे पहिला पेला निम्मा झाला की तो नळ सुटतो. तिथंच त्यानं मला, आई वारली तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं, ते सांगितलं, वारल्यानंतर चार वर्षांनी. तिथंच आम्ही मूल न होण्याबद्दल एकदाच आणि शेवटचं बोललो आणि लुबोर तेवढा वेळ उठून सिगारेट ओढायला बाहेर गेला. आणखी एक आहे. आमच्याकडे पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावंच लागतं. नाही बघितलं तर दुर्दैव येतं म्हणतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा, तब्येतीच्या नावानं, वेन्दा माझ्या डोळ्यांत बघतो. राखाडी डोळे आहेत त्याचे, डाव्यात एक तपकिरी ठिपका. तो ठिपका मला फक्त गुरुवारचा माहीत आहे.

डॉक्टरकडून आले त्या गुरुवारी वेन्दा म्हणाला, "मीपण सोडतो." मी नको म्हटलं. तो ऐकेना. प्रेम करायचं ठरवलं की तो बैलासारखा होतो. आम्ही दोघं घरी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसलो. घड्याळ होतं, फ्रिज होता. दोघं बोलत होते, म्हणजे घड्याळ आणि फ्रिज. चहाचे कप कुणी भिडवत नाही. असे काही गुरुवार गेले. आम्ही दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या अनोळखी माणसांसारखे दिसत असणार. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली, आतड्यांची नव्हे. त्या टेबलाशी माझी जागा गेली तर वेन्दा काही दिवसांनी एकटा जायला लागेल, जावंच त्यानं, आणि जे काही बोलायचं ते लुबोरला सांगेल, आणि मी इथं त्याच्या पँटीला टाके घालत त्याची वाट बघेन. वाईट काहीच घडणार नाही. नुसतंच आम्ही हळूहळू एका घरातले दोन भाडेकरू होऊ.

त्यालाही ते जाणवलं असावं, कारण नंतर तो बाटल्या आणायला लागला. काही न बोलता पिशवीतून काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि मी पीत असताना माझ्या चेहऱ्याकडे, नळ गळतो का बघावं तसं बघायचा. सफरचंदाची आणली; तिला शाम्पूचा वास होता. मध आंबवून करतात ती आणली, ती नाताळात बर्फात उभं राहून प्यायची गोष्ट, स्वयंपाकघरात तिचा पाक झाला. ग्लूटेन काढून टाकलेली बिअरही आणली, जवाचीच, पण त्यातला तो चिकट अंश मोडून काढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कुणाला चालते, कुणाला नाही, तुमच्या पोटाला विचारा. जिभेनं हो म्हटलं, लगेच, पाणावून. पोटानं दुसऱ्या दिवशी यंत्रावर बसले असताना नाही म्हटलं. मग मोराव्हियातल्या त्याच्या मावशीची आलुबुखाऱ्याची दारू, स्लिवोवित्से. ती आली आणि मी म्हटलं, ही खरी. नुसती फळं, आग आणि मावशी. धान्याचा कणही नाही. पण तिचं कसं, तार आल्यासारखं: आली, वाचली, डोळे ओले झाले, संपली. बिअर म्हणजे सावकाश वाचायचं लांबलचक पत्र असतं. त्या दिवशी मला कळलं की मी चव शोधत नाहीये. मला हातात जड काहीतरी हवं होतं, थंड, जे बोलणं संपेपर्यंत पुरेल आणि संपलं तर पुन्हा येईल. म्हणून या गुरुवारी आम्ही पुन्हा हिनेककडे आलो होतो.

हिनेक परत आला. "ठरलं?"

"पांढरी वाइन आहे?"

"आहे." त्याच्या तोंडावर दुखवट्याला आल्याचा भाव. "एक मोराव्हियन साहेब, द्राक्षांच्या मुलखातले, महिन्यातून एकदा येतात, त्यांच्यासाठी ठेवतो."

"ती निम्मी, निम्मा सोडा. आणि लहान ग्लासात नको, हिनेक. पेल्यात. बिअरच्या."

लुबोर टेबलावर हात आपटून हसला. "वाइन! पेल्यात! वेन्दा, अरे वाइनमध्ये सोडा जर्मन घालतात, तुझी बायको जर्मन झाली!"

"होऊ दे," वेन्दा म्हणाला. त्या संध्याकाळचा त्याचा पहिला शब्द.

हिनेक गल्ल्यामागे गेला. मी बघत होते. त्यानं पेला घेतला, आणि नळाखालच्या हौदात बुडवून फिरवला. हिनेकचा तो हौद म्हणजे त्याची इभ्रत. कोरड्या पेल्यात बिअर ओतणारा माणूस त्याच्या मते चोर. पेला थंड पाण्यात बुडवून ओला, चकचकीत काढायचा आणि तसाच भरायचा. साऱ्या गुत्त्याचे पेले त्याच हौदात बुडतात. पाणी वाहतं असतं, पण त्याच्या कडेनं फिकट फेसाची एक रेघ तरंगत असते, वर्षानुवर्षं मी ती बघत आले होते आणि मला ती सुंदर वाटायची. आज तिच्यात मला जव दिसला.

पेला आला. माझ्या चकतीवर त्यानं तो ठेवला, कान माझ्या उजव्या हाताला येईल असा फिरवून. आत फिकट, पिवळसर, बुडबुडे वर चढणारं पाणी आणि वर, घट्ट, पांढराशुभ्र, तीन बोटं फेस.

"हे काय?"

"नागडा दिसत होता हो," हिनेक खालच्या आवाजात म्हणाला. "तीस वर्षांत फेसाशिवाय पेला कुणापुढे ठेवला नाही. म्हणून नळावरचा थोडा वर लावला. नुसता फेस! बिअरचा थेंब नाही आत."

कुणी हसलं नाही. लुबोरनंही मान डोलावली, कारण फेसात काय असतं. मला चेस्टनटचं झाड आठवलं, बाबांचा आवाज आठवला, आणि पेला इतका देखणा दिसत होता की माझा हात त्याच्या कानापर्यंत गेला. या माणसानं माझ्यासाठी स्वतःच्या धर्मात वाइनला जागा केली होती आणि वर फेसाचा टिळा लावला होता. प्यायले असते तर सगळं झालंच होतं: जागा, गुरुवार, वेन्दाच्या डोळ्यातला ठिपका. आणि उद्या यंत्रावर पोट धरून बसले असते, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा प्यायले असते, कारण एकदा घेतलेलं प्रेम दुसऱ्यांदा परत करता येत नाही.

"हिनेक," मी म्हटलं, "फेस तेवढा नको."

"फेस?"

"फेससुद्धा जवाचाच."

त्यानं फेसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाला. "बरं. दुसऱ्या पेल्यात देतो." आणि त्यानं दुसरा पेला उचलून हौदात बुडवला. मी बघितलं. फेस नको म्हणणं एक वेळ ठीक, पण त्याच्या हौदाचं पाणी मला चालत नाही हे कसं म्हणायचं? पाद्र्याला जाऊन सांगावं का, की तुमचं तीर्थ उकळून द्या? दुसरा पेला आला. मी त्याला हात लावला, थंड, ओला. मग खालून चकती काढली आणि भरल्या पेल्यावर ठेवली.

"आज राहू दे, हिनेक. पोट बरं नाही."

भरल्या पेल्यावर चकती हिनेकच्या गुत्त्यात मी तरी कधी बघितली नव्हती. तो फडक्यानं शेजारचं स्वच्छ टेबल पुसायला लागला. वेन्दानं आपली बिअर संपवली नाही. घरी जाताना तो माझ्या शेजारून चालत होता आणि एकदा तोंड उघडून त्यानं मिटलं.

आठवडाभर मी शिवत राहिले. विचित्र म्हणजे मला बरं वाटत होतं. अंगात हळूहळू जीव येत होता, आत घेतलेले माझे स्कर्ट मी एकेक टाका सोडत पुन्हा मोठे करत होते, आणि असं सुख कुणाला सांगावं हे कळत नव्हतं. शनिवारी लाल दोऱ्याचं रीळ सापडेना. रविवारी वेन्दा हत्यारांची पेटी घेऊन बाहेर गेला. रविवारी तो कुणाचंही काम घेत नाही, पण तुंबलेला नळ वार बघत नाही म्हणून मी विचारलं नाही. संध्याकाळी त्याच्या पँटीच्या गुडघ्यांवर पांढरी भुकटी होती, विटेची नि सिमेंटची, ती मी झटकली. गुरुवार आला तेव्हा मी म्हटलं, "तू जा, मला एक कोट पुरा करायचाय." तो दारात उभा राहिला, कोट घालून, टोपी हातात. "चल ना," म्हणाला. एवढंच. पण घरात म्हणाला. म्हणून मी उठले.

आत शिरलो. मी कोट खुंटीला लावला. वळले तर माझ्या जागेवर पेला होता.

पेल्याच्या कानाला लाल दोरा बांधला होता, दोन वेढे आणि एक ओबडधोबड गाठ, जी शिवणारी बाई कधी मारणार नाही. हिनेक शेजारी सोड्याची बाटली उंच धरून उभा होता, हात जवळजवळ डोक्याच्या वर, आणि तिथून सोडा वाइनवर असा सोडत होता की वर पांढरा फेस उसळला, मोठ्या बुडबुड्यांचा, फुसफुसणारा.

"बसा, बसा लवकर!" तो ओरडला. "हा टिकत नाही!"

"फेस आहे, वहिनी," लुबोर म्हणाला. "पण काफिराचा. आणि ऐका, तुमच्या नवऱ्यानं रविवारी गल्ल्यामागची भिंत फोडली. हिनेक रडत होता."

"मी रडत नव्हतो. धूळ गेली होती डोळ्यात."

मी गल्ल्याकडे बघितलं. मोठ्या हौदापासून दूर, अगदी कोपऱ्यात, एक नवा छोटा नळ होता, तांब्याचा, आणि त्याच्याखाली वाडग्याएवढं, पांढरं भांडं. एकच पेला मावेल एवढं. मागच्या गुरुवारी मी हौदाकडे बघितलं होतं, एकदाच, आणि वेन्दानं माझ्याकडे बघितलं होतं. मी तर समजत होते तो चकती सोलतोय.

"थेंब थेंब गळेल जरा सुरुवातीला," वेन्दा म्हणाला. "वॉशर बसायला वेळ लागतो."

"पेले उचला!" लुबोर म्हणाला. आम्ही उचलले. माझा जड होता, थंड होता, वरचा फेस विझत चालला होता. वेन्दानं तब्येतीच्या नावानं पेला माझ्या पेल्याला भिडवला आणि बघितलं. ठिपका जागेवर होता. मी घोट घेतला, आंबट, गार, नाकात सुया. चांगला होता. बिअर नव्हती. चांगला होता.

वेन्दाचा पेला निम्मा झाला तेव्हा तो त्या भिंतीबद्दल बोलायला लागला, आत कसला जुना पायप निघाला, कुणी बसवला असेल, कुठल्या काळात. आणि मग त्याचा बाप नळ बसवताना शीळ घालायचा ते. हे मला ठाऊक नव्हतं. मी ऐकत होते आणि पीत होते, लक्षात न येता, जसं प्यायचं असतं तसं. पेला तळाशी आला. मी मान वर केली नाही. पावलं आली, रिकामा पेला उचलला गेला, कोपऱ्यातल्या छोट्या नळाची धार वाजली, आणि लाल दोऱ्याचा पेला पुन्हा माझ्यापुढे आला, भरलेला, फुसफुसणारा. कुणी काही विचारलं नाही.

चकती खालीच होती. मी ती तिथंच राहू दिली.